एचपीव्ही १६ पॉझिटिव्ह आलंय. तुकडा न काढता नुसत्या प्रकाशाने निदान होईल का?

पत्र

माझं वय ४६. तीन वर्षांपूर्वी केलेली पॅप स्मिअर नॉर्मल होती. या वेळी डॉक्टरांनी एचपीव्ही या विषाणूची तपासणीही केली. स्मिअर पुन्हा नॉर्मल, पण एचपीव्हीच्या अहवालात ‘१६ पॉझिटिव्ह’ आलं. तीन आठवड्यांनी कोल्पोस्कोपीला बोलावलं आहे. गरज वाटली तर बायोप्सी करू, असं म्हणाल्या. तुकडा काढला की आजार पसरतो असं ऐकून आहे, म्हणून धीर होत नाही. एका व्हिडिओत पाहिलं की आता काही न कापता, नुसता प्रकाश टाकून पाच मिनिटांत कॅन्सर ओळखता येतो आणि रक्ताच्या एका तपासणीत सगळे कॅन्सर कळतात. कोल्पोस्कोपीऐवजी तेच केलं तर? माझी आई बीजांडकोशाच्या कॅन्सरने ५२व्या वर्षी गेली. कळलं तेव्हा पोटात पाणी झालं होतं. त्या प्रकाशात माझे बीजांडकोशही बघता येतील का? घरी कुणालाच बोललेले नाही. हा विषाणू संबंधांतून येतो हे वाचल्यापासून नवऱ्याशी बोलणंही तुटक झालंय. धाकटी बहीण ३९ वर्षांची आहे. तिला काय सांगू?

उत्तर

ताई, आधी तीन आठवड्यांनंतरच्या त्या तारखेबद्दल. ती चुकवू नका आणि तिच्या जागी दुसरी कोणतीही तपासणी करून घेऊ नका. तुम्ही ज्या प्रकाशाच्या तपासणीबद्दल विचारताय, तिचं सर्वांत जुनं आणि सर्वांत पारखलेलं रूप म्हणजेच कोल्पोस्कोपी. ती १९२५ पासून आहे. स्पेक्युलम लावून, भिंग आणि दिव्याच्या मदतीने गर्भाशयमुख जवळून पाहायचं, एवढंच तिचं काम. नव्या यंत्रांनी त्याच पाहण्यात भर घातली आहे. पाहून झाल्यावर जे ठरवावं लागतं, ते मात्र त्यांनी रद्द केलेलं नाही.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. तुमच्यासारख्या स्त्रियांचे ते दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे बाटलीतून माझ्या टेबलावर येतात आणि त्यांच्या स्लाइड मी वाचते. त्यामुळे तुकड्याची बाजू मी घेणार, हे तुम्ही गृहीत धरायला हरकत नाही. कारणं मात्र नीट सांगते.

‘१६ पॉझिटिव्ह’ म्हणजे कॅन्सर नव्हे. गर्भाशयमुखाच्या पेशींमध्ये एचपीव्ही या विषाणूच्या १६ क्रमांकाच्या प्रकाराचा डीएनए सापडला, एवढाच त्याचा अर्थ. या विषाणूचे शेकडो प्रकार आहेत. त्यांतले १६ आणि १८ मिळून गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कॅन्सरला कारण ठरतात, म्हणून अहवालात त्यांचा आकडा वेगळा लिहितात. बहुतेक स्त्रियांचं शरीर हा विषाणू वर्ष-दोन वर्षांत स्वतःच हटवतं. तो ठाण मांडून बसला तरच पेशी बदलू लागतात, आणि तिथून कॅन्सरपर्यंत जायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. तुम्हाला तीन आठवड्यांनंतरची वेळ दिली, यात डॉक्टरांची हयगय नाही. एवढी सवड या आजारात असते.

मग स्मिअर नॉर्मल कशी, असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. दोन्ही अहवाल खरे असू शकतात, कारण दोन्ही तपासण्या वेगवेगळ्या गोष्टी शोधतात. स्मिअरमध्ये खरवडून आलेल्या पेशींचा चेहरामोहरा कुणीतरी डोळ्यांनी पाहतं. बदललेल्या पेशी ब्रशवर आल्याच नाहीत किंवा हजारो चांगल्या पेशींच्या गर्दीत नजरेतून सुटल्या, तर अहवाल नॉर्मल येतो. उपचार करण्याजोगे बदल असलेल्या स्त्रियांपैकी एका स्मिअरमध्ये जेमतेम निम्म्या सापडतात. एचपीव्ही डीएनए तपासणीत नव्वदहून अधिक टक्के सापडतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पहिली तपासणी म्हणून एचपीव्ही डीएनएचीच शिफारस केली. वयाच्या तिसाव्या वर्षापासून, दर ५ ते १० वर्षांनी. रेणूंच्या पातळीवरचं निदान आपल्यापर्यंत कधी येणार, असं लोक विचारतात. तुमच्या बाबतीत ते येऊन, एक काम करून गेलंसुद्धा.

आता प्रकाशाबद्दल जरा सविस्तर लिहिते. व्हिडिओत सांगितलेलं सगळंच खोटं नाही, आणि हे शास्त्र खरोखर सुंदर आहे.

कोल्पोस्कोपीत गर्भाशयमुखाला ३ ते ५ टक्के ॲसिटिक ॲसिड लावतात. म्हणजे पातळ व्हिनेगरच. बदललेल्या पेशींची केंद्रकं मोठी आणि प्रथिनांनी गच्च भरलेली असतात. ॲसिडमुळे ती प्रथिनं तात्पुरती गोठतात, प्रकाश आत शिरण्याऐवजी परत फेकला जातो आणि तो भाग पांढरा दिसतो. काही मिनिटांत पांढरेपणा ओसरतो. मग आयोडीन लावतात. निरोगी पेशींत ग्लायकोजन असतं, त्या गडद तपकिरी होतात. बदललेल्या पेशींत ते उरलेलं नसतं, त्या फिक्या पिवळ्याच राहतात. हीसुद्धा प्रकाशाचीच परीक्षा, फक्त यंत्राच्या जागी डॉक्टरांचा डोळा.

नवी यंत्रं याच्या पुढे जातात. आपल्या पेशी स्वतःही मंद चमकतात. त्यांच्यातल्या ऊर्जेच्या घडामोडींत वापरले जाणारे काही रेणू निळ्या-जांभळ्या प्रकाशात उजळतात आणि अस्तराखालच्या थरातलं कोलॅजनही उजळतं. कॅन्सरपूर्व बदल सुरू झाले की पेशींची चमक वाढते आणि खालच्या कोलॅजनची कमी होते. हा फरक उपकरणाला मोजता येतो. दुसऱ्या पद्धतीत एक मिलिमीटर जाडीची प्रकाशतंतूंची जुडी गर्भाशयमुखाला टेकवतात, आधी एक चमकणारं रंगद्रव्य लावलेलं असतं आणि पडद्यावर पेशींची केंद्रकं ठिपक्यांसारखी उमटतात. ठिपके लहान आणि सुटे सुटे असले तर ठीक. मोठे, दाटीवाटीचे, वेडेवाकडे असले तर संशय. टेक्सासमधल्या राइस विद्यापीठात रिबेका रिचर्ड्स-कॉर्टम यांच्या गटाने अशी उपकरणं घडवण्यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे, आणि जिथे पॅथॉलॉजिस्ट सहजी मिळत नाही तिथल्या स्त्रियांचा त्यात प्रामुख्याने विचार आहे. मला हे काम फार मोलाचं वाटतं. तपासणी, निदान आणि उपचार एकाच भेटीत झाले, तर दुसऱ्या भेटीला येऊच न शकणारी स्त्री वाचते. प्रकाशाच्या प्रतिध्वनीवरून थरांचं आडवं छेदचित्र काढणारी ओसीटी नावाची पद्धतही आहे. डोळ्यांच्या पडद्यासाठी ती रोज वापरतात, गर्भाशयमुखासाठी तिच्यावर अभ्यास चालू आहेत. परतणाऱ्या प्रकाशाचा बदललेला रंग मोजून ऊतींची रासायनिक घडण ओळखायची पद्धत तर रामन यांनी १९२८ मध्ये दाखवून दिलेल्या परिणामावरच उभी आहे.

मग अडतं कुठे? दोन ठिकाणी, आणि दोन्ही तुम्हाला लागू पडतात.

पहिली अडचण अशी, की प्रकाशाला ‘इथे काहीतरी वेगळं आहे’ हे फार चांगलं कळतं, पण ‘ते काय आहे’ हे तितकं कळत नाही. साधी सूज, जंतुसंसर्ग, भरत आलेली जखम, पेशींचा एका प्रकारातून दुसऱ्यात होणारा नैसर्गिक बदल, हे सगळं व्हिनेगरने पांढरं दिसू शकतं. सुजेमुळेही कोलॅजनची चमक घटते. नुसत्या प्रकाशावर निर्णय घेतला, तर काहींना नको असलेले उपचार होतील.

दुसरी अडचण जागेची आहे. एचपीव्हीमुळे होणारे बदल गर्भाशयमुखाच्या एका विशिष्ट पट्ट्यात सुरू होतात. त्याला ट्रान्सफॉर्मेशन झोन म्हणतात. तरुण वयात हा पट्टा बाहेर, समोर दिसतो. पाळी जाण्याच्या वयाकडे सरकताना तो हळूहळू गर्भाशयमुखाच्या नळीत आत जातो. ओसीटीचा प्रकाश ऊतींमध्ये एक-दोन मिलिमीटर शिरतो, पण नळीच्या वळणाआड पोचत नाही. ४६व्या वर्षी हा पट्टा पूर्ण दिसेलच असं नाही. समोर सगळं स्वच्छ आणि बदल मात्र आत, अशा स्त्रियांच्या स्लाइड मी पाहिल्या आहेत. त्यांना पाच मिनिटांत ‘काही नाही’ असं सांगणारं यंत्र भेटलं असतं, तर पुढे काय झालं असतं, हा विचार माझा पाठलाग सोडत नाही.

म्हणून कोल्पोस्कोपीच्या दिवशी डॉक्टरांना एक प्रश्न आवर्जून विचारा: “ट्रान्सफॉर्मेशन झोन पूर्ण दिसला का?” नाही म्हणाल्या, तर नळीच्या आतून नमुना घेणार का, हेही विचारा. असा प्रश्न विचारणं आगाऊपणा नाही. चांगल्या डॉक्टरांना तो आवडतो. संशयास्पद जागा दिसल्या, तर एकाऐवजी दोन ते चार तुकडे घेतात. आधीच्या भीतीत तुम्हाला ते जास्त वाटेल, पण एका तुकड्यावर भिस्त ठेवली तर तीव्र बदल निसटण्याची शक्यता बरीच असते आणि दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्याने ती झपाट्याने कमी होते. त्रास म्हणाल, तर प्रत्येक वेळी क्षणभर पाळीसारखी कळ येते. नंतर एक-दोन दिवस डाग, काही दिवस स्राव. तेवढे दिवस संबंध टाळायचे. जोराचा रक्तस्राव किंवा ताप आला तर लगेच कळवायचं.

तुकडा काढल्याने आजार पसरत नाही. गर्भाशयमुखाच्या बायोप्सीबद्दल हे मी निःशंकपणे सांगते. ही भीती कुठून आली असेल, याचा मला अंदाज आहे. बीजांडकोशाची संशयास्पद गाठ सुई घालून तपासत नाहीत, शक्यतो न फोडता अख्खी काढतात, कारण ती फुटली तर आतल्या पेशी पोटात सांडू शकतात. एका अवयवाचा नियम लोक दुसऱ्याला लावतात आणि ज्या तपासणीने जीव वाचतो तिलाच घाबरतात.

तुकडा माझ्यासारखीच्या टेबलावर आला की काय होतं, तेही सांगते. तो मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवतात, त्याचे केसाहून पातळ काप काढतात आणि रंगवतात. अस्तराचा खालचा तिसरा भागच बदललाय, दोन तृतीयांश बदललाय, की पूर्ण जाडी, यावरून सीआयएन, म्हणजे अस्तरातला कॅन्सरपूर्व बदल, १, २ किंवा ३ अशी श्रेणी ठरते. इथे मोकळेपणाने सांगायला हवं: मधल्या श्रेणीवर दोन पॅथॉलॉजिस्टचं एकमत होईलच असं नाही. तिथे रेणूंची मदत होते. विषाणूची ई६ आणि ई७ ही दोन प्रथिनं आपल्या पेशीतली राखण मोडतात. ई६ हे पी५३ नावाच्या रक्षक प्रथिनाचा नाश घडवतं, ई७ दुसऱ्या रक्षकाला निकामी करतं. तो निकामी झाला की पेशीत पी१६ नावाचं प्रथिन साचत जातं. खरं तर पी१६ म्हणजे पेशीला ‘थांब, विभागू नकोस’ असा हुकूम. हुकूम जोरात सुटतोय आणि ऐकणारं कुणी उरलेलं नाही, अशी अवस्था. पी१६ दाखवणारा रंग (डाग) दिला की असा भाग सलग तपकिरी पट्ट्यासारखा उठून दिसतो आणि माझा निर्णय पक्का होतो. विभागणाऱ्या पेशींची खूण असलेलं केआय-६७ आणि पी१६ हे दोन्ही एकाच पेशीत दिसणं निरोगी पेशीत व्हायला नको. त्यावर आधारलेली दुहेरी डागाची तपासणी स्मिअरच्या पेशींवरही करतात. एचपीव्ही पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी कुणाला खरोखर पुढे पाठवायला हवं, हे त्यातून निवडता येतं. तुमच्या बाबतीत १६ असल्यामुळे थेट कोल्पोस्कोपी हाच मार्ग योग्य आहे.

सीआयएन १ निघालं, तर बहुधा फक्त लक्ष ठेवतील. ते बऱ्याचदा आपोआप जातं. सीआयएन ३ निघालं, तर उपचार घ्याच. यामागे एक वेदनादायक इतिहास आहे. न्यूझीलंडमध्ये १९६० आणि ७०च्या दशकांत काही स्त्रियांना असे बदल असूनही, त्यांना विश्वासात न घेता, पुरेसे उपचार दिले नाहीत, नुसतं पाहत राहिले. तीस वर्षांत त्यांच्यातल्या ३१ टक्के स्त्रियांना कॅन्सर झाला. नीट उपचार झालेल्यांत हे प्रमाण एका टक्क्याहूनही कमी होतं. कुणालाही पुन्हा अशी माहिती गोळा करावी लागू नये. पण ज्या स्त्रियांनी तिची किंमत मोजली, त्यांच्यामुळे आज मी तुम्हाला एवढ्या खात्रीने सांगू शकते की वेळेवर उपचार काम करतात. तारेच्या विद्युत वेटोळ्याने तो भाग काढतात. गर्भाशय जागेवर राहतं.

आता आईबद्दल. तुमच्या पत्रात मला जास्त काळजीची वाटलेली गोष्ट एचपीव्ही नाही, ही आहे.

आईचा आजार आणि तुमचा अहवाल यांचा एकमेकांशी संबंध नाही. बीजांडकोशाचा कॅन्सर या विषाणूमुळे होत नाही. तिथे प्रकाश आज तरी उपयोगी नाही, कारण बीजांडकोश पोटात खोल आहेत आणि ते पाहायला दुर्बीण घालावी लागते. गर्भाशयातून गर्भनलिकेत बारीक तंतू सरकवून पाहण्याचे प्रयोग सुरू आहेत. बीजांडकोशाच्या कॅन्सरच्या पेशींना चिकटून चमकणारं एक द्रव्य अमेरिकेत २०२१ मध्ये मंजूर झालं, पण ते निदान झालेल्या रुग्णाच्या ऑपरेशनमध्ये उरलेला आजार दिसावा यासाठी आहे. निरोगी बाईच्या तपासणीसाठी नाही.

‘मग सीए-१२५ ही रक्ततपासणी आणि सोनोग्राफी दरवर्षी करते,’ असं कदाचित तुमच्या मनात येईल. ब्रिटनमध्ये पाळी गेलेल्या दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर हाच प्रयोग झाला. त्याचे दीर्घकालीन निष्कर्ष २०२१ मध्ये आले. दरवर्षी रक्त तपासणाऱ्या गटात आजार काहीसा लवकरच्या टप्प्यात सापडला, तरी मृत्यू कमी झाले नाहीत. शिवाय सीए-१२५ हे एंडोमेट्रिऑसिस, फायब्रॉइड, अगदी पाळीच्या दिवसांतही वाढतं. सगळे कॅन्सर ओळखण्याचा दावा करणाऱ्या रक्ततपासण्या गाठीतून रक्तात सुटलेले डीएनएचे तुकडे शोधतात. लहान, सुरुवातीची गाठ ते फारच थोडे सोडते. जिथे लवकर कळायला हवं, नेमकी तिथेच ही तपासणी सर्वांत दुबळी ठरते. तिचा नॉर्मल अहवाल हातात घेऊन तुम्ही कोल्पोस्कोपी टाळावी, याची मला धास्ती वाटते.

रेणूंचं निदान तुमच्या घरासाठी खरं उपयोगी आहे ते वेगळ्या जागी. आईच्या ऑपरेशनचा किंवा बायोप्सीचा पॅथॉलॉजी अहवाल शोधा. त्यात ‘हाय-ग्रेड सिरस’ असे शब्द आहेत का पाहा. हा प्रकार झालेल्या दर सहा-सात स्त्रियांत एकीला बीआरसीए१ किंवा बीआरसीए२ या जनुकांत जन्मजात बिघाड असतो. आईला तो असेल, तर तुम्हा प्रत्येक भावंडाकडे येण्याची शक्यता निम्मी. आईच्या तुकड्याचे मेणाचे ब्लॉक प्रयोगशाळेने जपून ठेवले असतील, तर त्यांवरही काही तपासण्या होऊ शकतात. अहवाल आणि ब्लॉक दोन्ही मिळाले नाहीत, तरी तुमच्या रक्तातून किंवा लाळेतून जनुकीय तपासणी करता येते. मात्र आधी जनुकीय समुपदेशकाला भेटा. भेटीला जाताना आई आणि वडील दोन्हींकडच्या नातेवाइकांत स्तनाचा, आतड्याचा, गर्भाशयाचा, स्वादुपिंडाचा कॅन्सर कुणाला, कितव्या वर्षी झाला, हे लिहून न्या. आतडं आणि गर्भाशय यांच्या कॅन्सरची साखळी दिसली, तर लिंच सिंड्रोम नावाच्या वेगळ्या बिघाडाचा शोध घेतात. त्यातही बीजांडकोशाला धोका असतो.

बिघाड सापडला तर? बीआरसीए१मध्ये मूलबाळ झाल्यावर ३५ ते ४०च्या दरम्यान, बीआरसीए२मध्ये ४० ते ४५च्या दरम्यान गर्भनलिका आणि बीजांडकोश काढण्याचा सल्ला देतात. निर्णय मोठा आहे, पाळी एकदम जाते, आणि तो घाईने कुणीच घेऊ नये. पण त्यामागचं कारण पटण्याजोगं आहे. बीजांडकोशाचा म्हणून ओळखला जाणारा हा कॅन्सर बहुतेक वेळा गर्भनलिकेच्या टोकाच्या झालरीत सुरू होतो, हे पॅथॉलॉजिस्टना गेल्या सुमारे वीस वर्षांत उमगलं. अशा स्त्रियांनी काढून घेतलेल्या नलिका माझ्याकडे येतात तेव्हा ती झालर मी बारीक बारीक काप करून पूर्ण तपासते. सोनोग्राफीत कधीच दिसला नसता असा काही पेशींचा पुंजका पी५३च्या डागात एखाद्या वेळी उठून दिसतो. त्या दिवशी मी घरी वेगळ्याच मनाने जाते.

गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर उरला. तिथे लक्षणं नसताना तपासत राहण्याची गरज सहसा नसते, कारण तो लवकर बोलतो. पाळी पूर्ण गेल्यावर एक डाग जरी दिसला, तरी दाखवायचं. तुमच्या वयात मध्येच किंवा अंगावरून फार जाऊ लागलं, तर ‘वयाचं आहे’ म्हणून सोडायचं नाही.

नवऱ्याबद्दल. संबंध ठेवणाऱ्या बहुतेक माणसांना आयुष्यात कधी ना कधी एचपीव्ही होतो. तो अनेक वर्षं निपचित राहून पुन्हा दिसू शकतो. कधी आला, कुणाकडून आला, हे जगातली कोणतीही तपासणी सांगू शकत नाही. या अहवालात त्यांच्याविरुद्धही पुरावा नाही आणि तुमच्याविरुद्धही नाही. त्यांना कोल्पोस्कोपीच्या आधी सांगा, आणि जमलं तर त्या दिवशी सोबत न्या.

बहिणीने एचपीव्ही तपासणी करून घ्यावी. आतून तपासून घ्यायचा संकोच असेल, तर नमुना स्वतः घेण्याची सोय काही ठिकाणी असते आणि तो जवळपास तितकाच भरवशाचा असतो. जनुकीय तपासणी मात्र शक्यतो आधी तुमची होऊ दे. तुमच्यात आईकडून आलेला ठरावीक बिघाड सापडला, तर तिच्यात नेमका तोच शोधता येईल. तुमच्यात काही मिळालं नाही, तर तेवढ्यावर तिला मोकळं समजू नका. तिच्याबद्दल समुपदेशकाला वेगळं विचारा.

बायोप्सीचा अहवाल आला की मला तीन गोष्टी कळवा: पट्टा पूर्ण दिसला का, तुकडे किती घेतले आणि श्रेणी काय आली. आईचा अहवाल सापडला तर त्याच पाकिटात घाला. दोन्ही एकत्र वाचून उत्तर लिहीन.